काटोलहून कॉल आहे

"वरची पार्टी, खाली या. मोगऱ्याचा कॉल आहे. तीन मिनिटं मिळतील."

नागपुरातल्या त्या घरातली माझी पहिली सकाळ या वाक्यानं उजाडली. आवाज घरमालकीणबाईंचा होता, पण कुणी कुणाला हाक मारावी तसा नव्हता. स्टेशनवरच्या सूचनेसारखा स्वच्छ आणि सरळ होता. मी हातात दात घासायचा ब्रश घेऊन तशीच जिना उतरले. बाई अंगणात मोगऱ्याच्या झुडपाशी ओणव्या उभ्या होत्या. मोगऱ्याचा हंगाम कधीच सरला होता, झुडूप नुसतं पानांचं झालं होतं. बाईंनी छत्रीच्या मुठीनं एक फांदी अलगद बाजूला केली. आत, अगदी पोटात, एक कळी अर्धी उघडली होती.

"दिसली?"

"दिसली."

"कुठून बोलते आहे?"

मी अजून जरा वाकले. "आतून," मी म्हणाले.

"बरोबर. उशिरा येणारे आतूनच बोलतात." त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "झाली तीन मिनिटं. वाढवून देऊ?"

मी वाढवून घेतली.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. ट्रंक ऑपरेटर. परगावी बोलायचं तर सकाळी कॉल नोंदवायचा आणि तो लागेपर्यंत संध्याकाळ व्हायची, त्या काळात बाई कानाला हेडफोन लावून बसत आणि नागपूरच्या माणसांना साऱ्या मुलखाशी जोडून देत. पुढे ट्रंक कॉल गेले, ती यंत्रं भंगारात गेली, बाईंनाही निरोपाचा नारळ मिळाला. पण त्यांच्या तोंडातली ड्युटी काही संपली नाही. दूधवाला फाटकाशी आला की "होल्ड करा." धाकटा भाऊ मध्ये बोलला की "क्रॉस लाईन." नको असलेला पाहुणा आला की "राँग नंबर," आणि तेही त्याच्या तोंडावर. रागावल्या किंवा मनातलं बोलायला लागल्या की मात्र ही ड्युटीची भाषा गळून पडायची आणि खालून अस्सल काटोलची बोली निघायची. "काहून वं, डोळे घरी ठेवून आली का?"

बाईंनी लग्न केलं नव्हतं. घराच्या मागच्या भागात त्यांचा भाऊ आणि भावजय राहत. मी बाईंना बाई म्हणत असे आणि भावाला मामा. घर बैठं होतं. गच्चीवर एकच खोली होती, ती माझी.

ती खोली मला कशी मिळाली, तेही बाईंच्याच तऱ्हेचं आहे. मी भिवापूरची. बाबा गेल्यावर माझं शिक्षण थांबलं होतं. शाळेतल्या माझ्या मैत्रिणी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला पोचल्या तेव्हा मी पहिल्या वर्षाला नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. प्रवेशही शेवटच्या यादीत मिळाला, म्हणून खोली शोधायलाही उशीरच झाला. चार घरं हिंडले. कुठे आधी आडनाव विचारलं आणि मग, खोली कालच गेली, हे त्यांना आठवलं. बाईंनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी मला अंगणातल्या आंब्याखाली उभं केलं आणि म्हणाल्या, "या झाडावर काय दिसते ते सांग."

आंब्याचे दिवस संपून बराच काळ लोटला होता. समोर पानांशिवाय काही नव्हतं. "काही नाही" असं ओठावर आलं होतं, पण मला खोली हवी होती. मी खाली उकिडवी बसले आणि झाडाच्या आत, वर पाहिलं. दोन फांद्यांच्या बेचक्यात एक आंबा होता. लहानसा, पानाच्याच रंगाचा.

"खाली बसून पाहायला कोणी शिकवलं?"

"मायनं. मिरचीच्या शेवटच्या तोड्याला वरून काही दिसत नाही. झाड उचलून खालून पाहावं लागते."

"खोली तुझी," बाई म्हणाल्या. पुढे तो आंबा पाडाला आला तेव्हा त्यांनी तो माझ्याच हातावर ठेवला. "हा पी.पी. कॉल आहे. म्हणजे ज्याच्या नावानं आला त्यालाच द्यायचा, दुसऱ्यानं उचलायचा नाही. तू उशिरा आली, हाही उशिरा आला."

बाईंच्या घरचा हा कायदाच होता. हंगामात झाडं लगडली की बाई तिकडे ढुंकून पाहत नसत. शेजारच्या बायका पिशव्या भरून लिंबं, जांब, शेवग्याच्या शेंगा नेत. "हंगामातलं कोणालेही दिसते," बाई म्हणत. हंगाम सरला की बाईंचा हंगाम सुरू व्हायचा. रोज सकाळी काळी छत्री घेऊन त्या फेरीला निघत. ऊन असो नसो, छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती फांद्या सारण्यासाठी होती. मागे राहिलेलं एखादं फळ सापडलं की त्याच्या देठाशी जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधत. चिंधी बांधलेलं फळ घरातलं कुणी तोडत नसे. ते कुणाच्या नावाचं ते बाई ठरवत, आणि नाव नेहमी उशीर झालेल्या माणसाचं असे. कितीतरी वर्षांनी दहावीला बसलेली स्वयंपाकाची ताई. नोकरी उशिरा लागलेला कुणी. समोरच्या घरातल्या एका गृहस्थांनी निवृत्त झाल्यावर लग्न केलं, तेव्हा थंडी संपताना सापडलेलं एकुलतं एक सीताफळ बाईंनी वाटीत घालून त्यांच्याकडे नेलं. मामा फाटकातून म्हणाले, "ताई, त्याले सीताफळ नको देऊ, टॉनिक दे." बाई न वळता म्हणाल्या, "क्रॉस लाईन."

मी एकदा विचारलं, उशिराच्याचं एवढं काय. बाई जास्वंदीत डोकं घालून होत्या. तिथूनच बोलल्या. "लोक सकाळी कॉल लावून बसायचे वं. दुपार व्हायची. कंटाळून उठून जायचे. अन् नेमका मग लागायचा. मी इकडून सांगून राहिली, पार्टी लाईनवर आहे, बोला, अन् तिकडे खुर्ची रिकामी. त्या उठून गेलेल्या माणसाची मले फार कीव यायची. अजून थोडा बसला असता."

आता आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाईंना वास येत नव्हता. साथीच्या दिवसांत त्यांना ताप आला, तो उतरला, पण वास गेला तो गेलाच. त्यामुळे फुलापाशी उभं करून त्या आम्हाला विचारत, "कसा आहे? छान म्हणू नको. छान तर कोणालेही म्हणता येते." मग आम्हाला शोधून सांगावं लागे. मोगऱ्याच्या त्या कळीला माठावर झाकलेल्या ओल्या फडक्यासारखा वास होता. पारिजातकाला सकाळच्या शाळेचा. हे मी बोलायला शिकले ते बाईंमुळे. कॉलेजात विज्ञान शिकत होते, पण पाहणं आणि पाहिलेलं नीट सांगणं, हे मला त्या अंगणानं शिकवलं. आज मी पारशिवनीकडच्या एका शाळेत शिकवते. बाईंचा फोन अजून येतो. "पारशिवनी? नागपूर बोलते आहे. कुंदाचा कॉल आहे, घ्या." मग त्या फोन कुंदापाशी धरतात आणि गप्प राहतात. मीही वर्गाबाहेर गप्प उभी राहते. मुलींना वाटतं, मॅडमचा फोन बिघडला.

पण मला सांगायचं आहे ते संत्र्याच्या झाडाचं.

काटोलजवळ बाईंच्या वडिलांची संत्र्याची बाग होती. ती विकली गेली तेव्हा बाईंनी आपल्यासाठी फक्त एक कलम मागून घेतलं आणि नागपूरला फाटकाजवळ लावलं. झाड मोठं झालं, पुष्कळ वर्षं फळलं. मग शेजारी उंच इमारत उठली आणि झाडाच्या अंगावरचं ऊन गेलं. उन्हासाठी मान वर करत करत झाड गच्चीच्या कठड्यापर्यंत आलं, पण फुलायचं बंद झालं. मी राहायला गेले त्याच्या आधीपासून त्यानं फूल धरलं नव्हतं.

माझ्या तिथल्या पहिल्या उन्हाळ्यात मामांना त्यांच्या मुलानं कार घेऊन दिली. कार उन्हात उभी. मामा दिवसातून चारदा तिच्यावर हात ठेवून पाहत आणि पोळल्यासारखा हात झटकत. शेड टाकायला जागा एकच होती, झाडाची.

"ताई, याले आता संत्रा नको म्हणू," मामा म्हणाले. "रिटायर माणूस आहे तो. नुसता पेन्शन खाऊन राहिला."

"मीही रिटायर आहे. मलेही तोडतो का?"

"तुले कोन तोडते बापा. तूच साऱ्यायले तोडते."

प्लॉट दोघांचा होता, त्यामुळे बाईंना नाही म्हणता येईना. शेवटी ठरलं ते असं: दसऱ्यापर्यंत झाडावर फूल दिसलं तर झाड राहील. नाही दिसलं तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तोडणारा माणूस येईल आणि दिवाळीला कार शेडमध्ये उभी राहील.

बाईंनी वडिलांचा उपाय काढला. झाडाला ताण द्यायचा. आमच्याकडे संत्र्याचे बागवाले हे करतात. भर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. झाड सुकतं, पानं मुडपतात, गळतात. मग मृगाच्या पावसाचं पाणी मिळालं की झाड एकदम फुलून येतं. बाई कामाला लागल्या. झाडाभोवतीचं आळं उकरून मुळं उन्हात उघडी केली. कूलरमधून गळणाऱ्या पाण्याची नळी दुसरीकडे वळवली. मामांना कार तिथे धुवायची बंदी केली. "एक थेंब पडला तर पाह्य," असं सांगितलं. मी रोज गच्चीवरून झाड पाहत होते. पानं चामड्यासारखी झाली होती. मला त्याची कीव येत होती आणि हुरहुरही लागली होती, की आता होणार, पाऊस पडला की होणार.

त्याच दिवसांत माय एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून घ्यायला माझ्याकडे आली. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली. माझी परीक्षा सुरू होती. मी पहाटेच अभ्यासाला कॉलेजच्या वाचनालयात जाई आणि माय खोलीत आराम करी, अशी माझी समजूत होती.

मग अघटित घडलं. पानं गळायच्या ऐवजी झाडाला पालवी फुटली. कोवळी, चकचकीत, पोपटी. कुणी पाहिलं असतं तर खूश झालं असतं. बाई मात्र झाडाखाली उभ्या राहून पांढऱ्या पडल्या. ताण मोडला की झाड पानांवर जातं आणि फुलं विसरतं.

त्यांनी आधी कूलरची नळी तपासली. मग मामांना धरलं.

"तू कार धुतली इथं."

"नाही धुतली."

"शपथ घे."

"कारची शपथ."

"तिची शपथ तू खरी घेशील, हे मले माहीत आहे," बाई म्हणाल्या आणि विचारात पडल्या. दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच त्या छत्री घेऊन फाटकाच्या खांबाआड जाऊन बसल्या. त्या दिवशी मी अजून निघाले नव्हते. गच्चीवर केस विंचरत होते, म्हणून सारं मला वरून दिसलं.

जिन्यावरून माय उतरली. हातात बादली. माझ्या खोलीतलं भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं सगळं पाणी तिनं जपून ठेवलेलं असावं. ती आळ्याशी बसली आणि हलक्या हातानं पाणी सोडत झाडाशी बोलू लागली. "घे बापा, घे. मुकं म्हनून कोनी इचारत नाई तुले."

बाई खांबाआडून उठल्या. "तुम्ही आहात का?"

माय दचकली नाही. "हाव, मीच होय. तुमची झोपमोड नको म्हनून आवाज नाई केला."

"रोज टाकता?"

"पट्टी सुटली तवापासून. बाई, डोळा उघडला अन् पयलेच हे झाड दिसलं. पानं मुडपून उभं. मले वाटलं, यायच्या घरी वेळ नाई भेटत कोनाले. तुमी माह्या पोरीले छप्पर देलं. मी काय देऊ तुमाले? पानी त देता येते."

बाई तिथंच पायरीवर बसल्या.  मग हळूच म्हणाल्या, "राँग नंबर," आणि मायला जवळ बसवून ताण म्हणजे काय ते सांगितलं. मायनं सगळं ऐकून घेतलं. मिरचीला कुणी ताण देत नाही. तिला हे नवीनच होतं.

"बाई," ती म्हणाली, "उपाशी ठेवून कोनी फळ मागते का?"

 तेवढ्यात मामा बाहेर आले. "सापडला ना चोर? आता सांग ताई, माझ्यावर आळ घेतला का नाही? भिवापूरनं तर माझंच काम केलं. आता काही फुलत नाही ते. शेडवाल्याले सांगून देतो."

तेव्हा मायला कळलं की हे झाड तोडायचं ठरलं आहे, आणि ते वाचायची वाट तिनंच बुजवली आहे. तिच्या हातातली बादली खाली टेकली. त्या दिवशी ती जेवली नाही. भिवापूरला परत गेली ती बाईंकडे मान वर करून न पाहताच.

बाई तिला एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट त्याच संध्याकाळी त्यांनी घरातली लाल प्लॅस्टिकची खुर्ची उचलून झाडाखाली ठेवली. "लाईन कट नाही झाली," त्या मला म्हणाल्या. "वेळ लागेल. पार्टीनं खुर्ची सोडू नये." तिथं बसून त्या चहा पीत, शेंगा सोलत, पेपर वाचत. पाऊस आला की छत्री होतीच, तरी ती न उघडता खुर्ची वळचणीला ओढत.

मृग आला, बरसला, गेला. झाडावर पानंच पानं. माय दर आठवड्याला फोन करी. आधी माझी खुशाली विचारायची तिची रीत, ती बदलली. फोन उचलला की पहिला प्रश्न, "फूल आलं का वं?" नाही म्हटलं की 'बरं' म्हणायची. मग, "जेवली का?" मी बाईंना म्हणत असे, मायला काहीतरी खोटं सांगू का. बाई म्हणत, "ऑपरेटरनं खोटं सांगू नये. नो रिप्लाय म्हण."

पोळा झाला, गणपती गेले. बाईंचे गुडघे पावसात धरले. जिना तर त्यांनी केव्हाच सोडला होता. नवरात्रात एका दुपारी मी कॉलेजातून आले तर खुर्ची झाडाखाली नव्हती. घरात, भिंतीला लावून ठेवली होती. बाई कॉटवर पडून होत्या. मी माघारी वळले. वर आले आणि झाडाच्या शेंड्याकडे पाहवेना, म्हणून खिडकी लावून घेतली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी माय आली. दरवर्षी ती दीक्षाभूमीला येते, तशीच. पांढरं लुगडं, पिशवीत भाकरी आणि मिरचीचा ठेचा. या वेळी मात्र ती बाईंच्या दारावरून खाली मान घालून थेट वर आली.

दसऱ्याच्या सकाळी मी अंघोळीचे कपडे वाळत घालत होते. खाली मामा कारला हार घालायची तयारी करत होते. फाटकात झेंडूची टोपली, नारळ, उदबत्त्या. मी मायचं लुगडं पिळून झटकलं आणि हात थांबला. कसला तरी वास आला. साबणाचा नव्हता. उदबत्तीचा तर नव्हताच. गोड, पण ओला गोड. नाकाला लागून पुन्हा हरवणारा.

"माय, तुला वास येतो का काही?"

"कायचा?"

मी दोरीवरचे कपडे सोडून कठड्याशी गेले. कोपऱ्यात झाडाचा शेंडा कठड्याला टेकला होता. वरून पाहिलं, पानंच. पाठीमागून माय आली. ती आपल्या सवयीनं कठड्याशी उकिडवी बसली, जाळीच्या विटेतून हात घातला आणि शेंड्याची एक फांदी खालून उचलली.

"पोरी, हे पांढरं काय वं?"

पानांच्या खाली, जिथं इमारतीची सावली संपते आणि थोडंसं ऊन पोचतं तिथं, तांदळाच्या दाण्यांसारख्या कळ्या होत्या. घोसानं. काही उघडल्या होत्या. एका फुलावर मधमाशीसुद्धा होती, म्हणजे तिला आमच्या आधी कळलं होतं. मायनं फांदी तशीच उचलून धरली.  मग मी दोन्ही हात कठड्यावर टेकले आणि जमेल तेवढ्या स्वच्छ आवाजात म्हणाले,

"खालची पार्टी, बाई, वर या. काटोलहून कॉल आहे."

खाली सगळं थांबलं. मामांनी हार हातात धरून वर पाहिलं. "काटोलहून? आता कोन राहिलं तिकडे?"

बाई दारात आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्याशेजारी कठड्याच्या जाळीतून दिसणाऱ्या मायच्या हाताकडे पाहिलं. जिन्याला हात लावला आणि चढायला लागल्या. मामा हारासकट मागे. "ताई, हळू. ताई, गुडघे. अगं, काय आहे ते मी पाहून सांगतो ना."

"हा पी.पी. आहे," बाई धापा टाकत म्हणाल्या. "तुझ्या नावाचा नाही."

वर आल्या. मायनं फांदी उचलून धरली. बाई वाकून पाहत राहिल्या. त्यांनी फुलाला हात लावला नाही.

"हस्ताचा बहार," त्या म्हणाल्या. "बाबा म्हणायचे, मृग चुकला तर हस्त आहे, पण त्याच्या भरवशावर कोणी राहू नये." मग मला विचारलं, "वास आहे?"

"आहे."

"तू सांगू नको. याले विचार." त्यांनी मामांना पुढे ओढलं. "सांग, कसा आहे. छान म्हणू नको."

मामा वाकले. हार हातातून कठड्यावर लोंबत होता. ते सरळ व्हायला इतका वेळ लावत होते की मला वाटलं त्यांची पाठ धरली. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"बाबाच्या सदऱ्यासारखा," ते म्हणाले. "बागेतून आल्यावर खुंटीले टांगायचे ना ताई, तसा. मी त्यात तोंड घालायचो."

बाईंनी मान हलवली. त्यांना तो वास येत नव्हता, पण आता तो त्यांना कळला होता.

माय अजून फांदी धरून होती. तिनं हळूच विचारलं, "बाई, म्हंजे झाड मेलं नाई ना माह्या पान्यानं?"

"नाही हो. तुमच्या पाण्यानं कॉल जरा लेट लागला, एवढंच." बाई कठड्याला टेकून खाली बसल्या. "अन् मी खुर्ची उचलून घरात नेली होती. कॉल आला अन् मीच जागेवर नव्हती वं. तुम्ही मायलेकी होत्या म्हणून."

मामांनी हातातला हार सावरला. "ताई, फुलं म्हंजे काही फळं नाही."

"बात फुलाची झाली होती."

"हो, झाली होती," मामा म्हणाले, आणि खिशातून मोबाईल काढला. "हॅलो. उद्या येऊ नको गा. नाही, पैशाचं नाही. घरी कॉल आला आहे. कोनाचा? तुले नाही कळणार. ठेव."

मग त्यांनी कारचा हार फांदीला अडकवायला घेतला. बाई म्हणाल्या, झेंडूच्या वासात हा वास मरेल, तो हार कारलाच घाला. मामा निमूटपणे खाली गेले.

पुढच्या आठवड्यात खालच्या एका फांदीनंही कळ्या धरल्या. पण बहुतेक फुलं गळाली, आणि ती नेमकी मामांच्या कारवर गळाली. मामा फडकं घेऊन येत आणि तसेच परत जात. गळायची थांबली तेव्हा थोडीशी सेटिंग, म्हणजे धरलेली बारकी फळं, राहिली होती. बाजारात काटोलच्या संत्र्यांचे ढीग लागले तेव्हा आमची फळं लिंबाएवढी हिरवी होती. बाजारातली संत्री संपली, रस्त्यावर उसाचा रस आणि टरबुजं आली, कूलर सुरू झाले, तेव्हा कुठे आमच्या फळांवर पिवळा रंग चढायला लागला. बाईंनी कितीतरी दिवस आधीच त्यातल्या सगळ्यात खालच्या फळाला लुगड्याच्या काठाची चिंधी बांधून ठेवली होती. कुणाच्या नावाचं ते कुणीच विचारलं नाही.

माय दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला आली. पट्टी सोडायच्या दिवशी बाईंनी मामांना कार काढायला लावली. दवाखान्यातून येताना मी मायच्या शेजारी बसले होते. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. बाईंनी बजावून ठेवलं होतं की तिनं वाटेत खिडकीबाहेर पाहायचं नाही, डोळे मिटून घ्यायचे. मायनं ते इतक्या प्रामाणिकपणे पाळलं की फाटकात तिला हाताला धरून उतरवावं लागलं.

बाई झाडाखाली लाल खुर्चीशेजारी उभ्या होत्या. त्यांनी मायला खुर्चीत बसवलं आणि ड्युटीच्या आवाजात म्हणाल्या, "भिवापूरची पार्टी, तुमचा पी.पी. कॉल आहे. बोला."

मायनं डोळे उघडले. चष्मा थोडा खाली ओढला. तिच्या नाकासमोर, हात पुरेल एवढ्या अंतरावर, चिंधी बांधलेलं संत्रं होतं. तिनं ते तोडलं नाही. तळहातावर तोलून धरलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मग तिची नजर खाली आळ्याकडे गेली, आणि ती भीत भीत, फक्त बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बाई, माती कोरडी दिसून राहिली. पानी टाकू का?"

बाईंनी पायाजवळ आधीच भरून ठेवलेली बादली तिच्यापुढे सरकवली.